रत्नाने मला न सुचवलेली पुस्तकं

रत्ना गेल्याची बातमी मला माझ्या मुलीने फोनवर दिली. मी ठाण्यात राहते, टेंभी नाक्याजवळ. रत्नाचं घर डोंबिवलीच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावात. रिक्षा मिळाली तर तासाभरात पोचता येतं. माझी मुलगी मुक्ता राहते थेट बंगळूरला. आणि रत्नाच्या भावाने, किसनदादाने, सकाळी पहिला फोन लावला तो बंगळूरला. मुक्ता रडत होती. "आई, रत्नामावशी गेली गं..." एवढंच तिला बोलता आलं. आणि मी, चाळीस वर्षांची मैत्रीण, पहिलं काय बोलले? "तुला कोणी सांगितलं?" मुक्ता म्हणाली, "आई, प्लीज. आज नको."

ते 'आज नको' मला बरोबर कळलं. आज सहा आठवडे झाले. या पुरवणीत रत्नाबद्दल लिहा असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं, कारण मैत्रीण गेल्यावर जसं लिहितात तसं मला लिहिता येणार नाही. मला रत्नाचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला सणसणीत. तो वगळून लिहायचं तर ती कोणी दुसरीच बाई होईल, आणि मीही दुसरीच कोणीतरी होईन.

कल्याणच्या कॉलेजात बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला आम्ही दोघी एका टेबलावर आलो. माझे वडील डोंबिवलीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. तिच्या वडिलांची भातशेती होती, आणि उन्हाळ्यात मिठागरावर काम. त्या घरातून कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी. पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या आईने "जेव गो बाय, लाजू नको" म्हणत माझ्या ताटात तांदळाची भाकरी आणि खाडीची कोळंबी वाढली. आमच्या घरी मासे होत नसत हे सांगायचं मला धाडस झालं नाही. मी मान खाली घालून सगळं संपवलं. रत्नाला कळलं होतं. जेवण होईपर्यंत ती काही बोलली नाही आणि बांधावर आल्यावर पोट धरून हसली... मला वाटतं, मैत्री तिथे पक्की झाली.

रत्ना मराठी शाळेतून आलेली, पुस्तकं सगळी इंग्रजीत. डिक्शनरी कशी बघायची, लांबलचक वाक्याचं क्रियापद कुठे शोधायचं, हे मी तिला दोन वर्षं शिकवलं. रत्नाला इंग्रजी मी शिकवलं, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. तीही सांगायची, माझ्याहून जास्त उत्साहाने. ते मला का टोचायचं कोण जाणे.

मी पुढे संख्याशास्त्र घेतलं आणि ठाण्याच्या एका कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. रत्ना मानपाड्याकडे, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात लॅबमध्ये लागली. रंगाची प्रत्येक बॅच तपासायची, हे तिचं काम. एका रविवारी माझ्याकडे आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "वासंती, कृती तीच, मापं तीच, पाणी तेच, माणूसही तोच. तरी आजचा निळा कालच्यासारखा नाही. का गं?" मी कागद घेतला, घंटेच्या आकाराची वक्ररेषा काढली आणि तासभर समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "हे कसं मोजायचं ते कळलं. पण होतं का?" मी म्हटलं, "योगायोग." ती म्हणाली, "मग योगायोगावरचं काहीतरी वाचायला दे." मी माझी तीन उत्तम पाठ्यपुस्तकं दिली. आठ दिवसांत परत आली. "यात सगळे फासे आणि नाणी आहेत गं. जिवंत असं काहीच नाही."

मला राग आला होता. त्याच फाशा-नाण्यांवर माझी नोकरी चालली होती.

मग ती स्वतःच शोधायला लागली. विठ्ठलवाडीला एका रद्दीवाल्याकडे परदेशातून कागदाच्या लगद्यासाठी आलेल्या पुस्तकांचे गठ्ठे यायचे. तिथे ती दर शनिवारी उकिडवी बसून पुस्तकं उपसायची. लोकांनी ज्यांचं नावही ऐकलेलं नाही अशी पुस्तकं. एका निवृत्त पोस्टमास्तरने घराशेजारच्या एकाच झाडाच्या बिया कुठे कुठे पडतात हे बारा वर्षं बघून लिहिलेलं पुस्तक. वीज पडलेली झाडं पुढे कशी जगतात यावर एका वनरक्षक बाईचं पुस्तक. कुठल्याशा बेटावरचे कोळी मासेमारीच्या जागा दरवर्षी चिठ्ठ्या टाकून कशा वाटून घेतात, आणि त्यामुळे त्यांच्यात भांडणं का होत नाहीत, यावरचं एक. निसर्ग आणि नशीब, दोन्ही एकत्र असलं की रत्नाचे डोळे चमकायचे. इथे मी या पुस्तकांची नावं देत नाही. रत्नाला पुस्तकांच्या याद्यांचा राग होता. "कोणाला द्यायचंय ते सांग, मग नाव सांगते," असं म्हणायची. आणि पुस्तक द्यायची तेही पहिल्या पानापासून वाच असं सांगून नाही. "चौथ्या प्रकरणापासून सुरू कर, आधी तो माणूस फार पाल्हाळ लावतो," असं काहीतरी सांगून.

लोक तिच्याकडे यायचे. कारखान्यातल्या बाया, गावातले, त्यांच्या ओळखीचे. गावची जमीन गेली, तिथे इमारत उभी राहिली आणि कोणाला कुठला मजला यावरून तिच्या भावांमध्ये बोलणं बंद झालं, तेव्हा तिने किसनदादाला समोर बसवून ते चिठ्ठ्यांचं पुस्तक वाचून दाखवलं. किसनदादाला इंग्रजी येत नाही. ती एकेक वाक्य मनात वाचायची आणि घरच्या बोलीत सांगायची. तीन संध्याकाळी. चौथ्या दिवशी भावांनी देवासमोर चिठ्ठ्या टाकल्या, आणि किसनदादाला सगळ्यात वरचा, उन्हाने तापणारा मजला आला. तो मला हसत हसत म्हणालेला, "वासंतीताई, कोणी दिला असता तर मी भांडलो असतो. कोणी दिलाच नाही ना! कोणावर चिडू?" संभाव्यता म्हणजे काय हे मी तीस वर्षं शिकवलं. माझ्या एकाही विद्यार्थ्याने घरातलं भांडण त्यावर मिटवलं नाही.

निवृत्तीनंतर मी एका स्थानिक पेपरात पुस्तकांवर सदर लिहू लागले. चांगली, गाजलेली, बक्षिसं मिळालेली पुस्तकं. वाचकांचं महिन्याला एखादं पत्र यायचं, तेही बहुतेक वेळा मुद्रणदोष दाखवणारं. एकदा विषय सुचेना म्हणून मी रत्नाचं वीज पडलेल्या झाडांचं पुस्तक उचललं आणि त्यावर लिहिलं. ते मला कुठे सापडलं, कोणाकडून मिळालं, याचा उल्लेख केला नाही. त्या लेखाला आलेली पत्रं मी अजून जपून ठेवली आहेत. एका बाईंनी लिहिलं होतं, तुमची नजर वेगळी आहे. रविवारी रत्ना आली. तिने लेख वाचला होता. मी चहा ठेवायला उठले तशी मागून म्हणाली, "छान लिहिलंयस. शेवटची दोन प्रकरणं वाचली नाहीस ना पण?" नव्हती वाचली. "वाच," म्हणाली, "ती बाई शेवटी कबूल करते की तिचा अंदाज चुकलेला." त्यावर ती पुन्हा कधी काही बोलली नाही. मला उलट वाटायचं, हिने भांडावं.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मुक्ताचं जे झालं, ते नाही.

बारावीनंतर मुक्ताला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही. थोडक्यात हुकला. पोरगी खोलीचं दार लावून बसली, जेवायला बाहेर यायची ती ताटाकडे बघून परत जायची. मी तिला जिद्दीच्या, यशाच्या गोष्टींची पुस्तकं आणून दिली. तिने ती दाराबाहेर नीट रचून ठेवली. रत्ना आली, दारातून काही बोलली, आणि पोस्टमास्तरचं ते बियांचं पुस्तक आत सरकवून गेली. दोन दिवसांनी मुक्ता बाहेर आली. मला म्हणाली, "आई, एका झाडाच्या हजारो बिया पडतात. रुजते ती सगळ्यात चांगली बी असते असं नाही. ती फक्त बऱ्या जागी पडलेली असते." मी म्हटलं, "हेच तर मी तुला सांगत होते." ती म्हणाली, "नाही, आई. तू मला पुन्हा परीक्षा दे म्हणत होतीस."

तिने वनस्पतिशास्त्र घेतलं. खारफुटीच्या बिया पाण्यावर तरंगत कुठे जाऊन रुजतात, यावर बंगळूरला संशोधन करायला लागली. सुट्टीत घरी आली की दुसऱ्या दिवशी रत्नाकडे. दोघी भरती-ओहोटी बघून खाडीत उतरायच्या, गुडघाभर चिखलात, आणि मुक्ता संध्याकाळी माझ्या स्वच्छ लादीवर चिखलाचे पाय उमटवत यायची. रत्नामावशी असं म्हणाली, रत्नामावशीने हे दाखवलं... माझ्याशी ती बोलायची ते भाड्याच्या खोलीबद्दल आणि दातांच्या डॉक्टरबद्दल. आई म्हणून तेवढंच वाट्याला येत असेल बहुतेक सगळ्यांच्या. पण बहुतेक सगळ्यांच्या शेजारी रत्ना नसते.

मग एका वादळात मुक्ताची कारवारकडची अभ्यासाची जागा वाहून गेली. खुणा लावलेली सगळी रोपं, दोन वर्षांचं काम. फोनवर तिचा आवाज मेल्यासारखा यायचा. मी बंगळूरला जायला निघाले तेव्हा रत्ना स्टेशनवर आली आणि वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुस्तक माझ्या हातात दिलं. "मुक्ताला दे. आणि सांग, मी वाट बघतेय, तिला वाटेल तेव्हा फोन कर म्हणावं."

ते पुस्तक मी दिलं नाही.

विसरले असं मी पुढे स्वतःलाच सांगितलं, पण विसरले नव्हते. बंगळूरला मुक्ताच्या खोलीत चार दिवस ते माझ्या बॅगेत, साड्यांच्या खाली होतं. मी स्वतः निवडून नेलेलं पुस्तक तिला दिलं, तिच्या केसांना तेल लावलं, वरण-भात केला. मनात एकच होतं, या वेळी मी. या वेळी ती माझ्यामुळे उठू दे. निरोपही सांगितला नाही. ती उठली नाही. संशोधन सोडून तिने एका ऑफिसात आकडेमोडीची नोकरी धरली. रत्नामावशीने साधी चौकशीही केली नाही, हे तिला लागलं. तिने फोन करणं थांबवलं. इकडे रत्ना समजली, पोरीला आता आपली गरज उरली नाही. "मोठी झाली," एवढंच म्हणाली आणि विषय बदलला. दोघीही मानी. वर्षभर बोलल्या नाहीत. आणि ते वर्ष... लिहायला लाज वाटते, पण ते वर्ष मला बरं गेलं. मुक्ता मला दर रविवारी फोन करायची.

त्यानंतर रत्नाच्या पोटाचं दुखणं निघालं. उपचार ठाण्यात होते म्हणून ती अधूनमधून माझ्याकडे राहायची. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. तिच्या हातात चमचा धरायची ताकद नव्हती. ती म्हणाली, "मुक्ताला माझं कळवू नकोस हां. तिला उगाच वाटेल, यायला पाहिजे." तिथे मला राहवलं नाही. वाटी खाली ठेवून मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती हसेल, कोळंबीच्या वेळी हसली तशी. ती हसली नाही. म्हणाली, "वर्षभर ती पोरगी एकटी होती? आणि तुला माहीत होतं?" मी म्हटलं, "पुस्तकच होतं गं एक..." ती म्हणाली, "पुस्तक जाऊ दे खड्ड्यात. पुस्तकाने काय होतं? तिला कळलं असतं की मला तिची आठवण आहे." मग तिने किसनदादाला फोन करून बोलावून घेतलं. पिशवी स्वतः भरली, थांबत थांबत. मला हात लावू दिला नाही.

नऊ दिवसांनी तिचा मेसेज आला. 'ते पुस्तक तू वाचलंस?' मी लिहिलं, नाही. 'आधी वाच. मग तिला पाठव. खरं लिहून पाठव.'

पुस्तकाभोवतीचं वर्तमानपत्र उलगडलं, तर आत एक चिठ्ठी होती, रत्नाच्या अक्षरात. 'मुक्ता, शंभराव्या पानापासून वाच. आधीचं सोड.' मी मात्र पहिल्या पानापासून वाचलं, शिक्षाच ती. एका डोंगराळ गावात पाऊस मोजणाऱ्या माणसाने लिहिलेलं होतं. आयुष्यभर त्याने अंदाज बांधले, निम्मे चुकले, आणि एका वर्षी नोंदींच्या सगळ्या वह्या पुरात गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नवी वही घेऊन तारीख घातली. त्याला धीर वगैरे आला नव्हता. सकाळचे आठ वाजले होते आणि पाऊस मोजायची वेळ झाली होती, एवढंच तो लिहितो. मी पुस्तक मुक्ताला पाठवलं. सोबत चार पानी पत्र. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट लिहिलेलं आणि सगळ्यात खरं.

तीन आठवडे मुक्ताचा मला फोन नाही. रत्नाला मात्र पत्र मिळालं त्याच दिवशी गेला. मग एकदा माझ्या फोनवर तिचं नाव दिसलं. "मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. पण मी येतेय." ती आली, चार दिवस रत्नाकडे राहिली आणि एक दुपार माझ्याकडे. पुढे तिने पुन्हा संशोधनाला अर्ज केला. मी विचारलं, त्या पुस्तकामुळे? "छे," म्हणाली, "पुस्तक तर कंटाळवाणं आहे, आई."

रत्नाला मी शेवटची भेटले ते ती जायच्या बारा दिवस आधी. तिने मला आत येऊ दिलं, हेच मला खूप होतं. "पुस्तक कसं वाटलं?" मी म्हटलं, "सुरुवात फार रेंगाळते." ती म्हणाली, "म्हणून तर शंभरावं पान." मग दोघीही हसलो, आणि त्या हसण्याचा आधार घेऊन मी चाळीस वर्षं पोटात असलेलं विचारलं. "रत्ना, गावभर पुस्तकं वाटलीस. मला एकदाही का नाही सुचवलंस काही?"

"तू कधी मागितलंस?"

"बाकीचे कुठे मागायचे?"

"ते येऊन सांगायचे ना, काय बिघडलंय ते. तुझं कधी काही बिघडलेलंच नसायचं गो. तू यायचीस ते मी कोणाला काय दिलं ते बघायला." हे ती रागाने बोलली नाही. "आता सांग. काय बिघडलंय?"

मी म्हटलं, "मला तुझा हेवा वाटतो."

"किती?"

"खूप. पहिल्यापासून. मुक्ताचं झालं त्यानंतर तर..."

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. पण ती विचार करत होती, कोणीही समोर बसून काही सांगितलं की करायची तसाच. मग डोळे उघडून म्हणाली, "यावर माझ्याकडे पुस्तक नाही. शोधायला लागेल."

ते शोधायला तिला वेळ मिळाला नाही.

किसनदादाने तिची खोली तशीच ठेवली आहे. पुस्तकं लावून द्या, काय ठेवायचं काय वाटायचं ते तुम्ही दोघींनी ठरवा, म्हणाला. मुक्ता महिनाभर रजा घेऊन आली आहे. रोज दुपारी आम्ही जातो. वरचा मजला, तापलेली खोली, खाडीकडे उघडणारी एकच खिडकी आणि खिडकीशी वेताची खुर्ची, बसून बसून मध्ये खोल गेलेली. त्या खुर्चीत मी बसत नाही. पहिल्या दिवशी मुक्ता सरळ जाऊन बसली आणि ती खुर्ची जणू तिच्याच मापाची असावी तशी तिच्याभोवती बसली. मला तेव्हाही हेवा वाटला. मेलेल्या माणसाचा हेवा वाटू शकतो, आणि खुर्चीचासुद्धा, हे मी इथे कबूल करून ठेवते.

पुस्तकं लावणं काही पुढे जात नाही. काल मुक्ताने ढिगातून एक जाडसर पुस्तक उचललं, किड्यांचं होतं काहीतरी, आणि म्हणाली, "आई, हे तू वाचलंयस?" एरवी मी हो म्हटलं असतं, किंवा निदान चाळलंय म्हटलं असतं. मी म्हटलं, "नाही गं. ऐकलंही नाही." तिने जरा माझ्याकडे बघितलं. मग पाय वर घेऊन खुर्चीत नीट बसली आणि मोठ्याने वाचायला लागली. मी खाली लादीवर, भिंतीला टेकून. तिच्या वाचण्यात रत्नाचा सूर आहे, वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा. चाळीस वर्षांपूर्वी रत्नाला वाचायला मी शिकवलं तेव्हा तो नव्हता, तो तिचा तिनेच आणलेला. मी डोळे मिटून ऐकत राहिले.

पान उलटताना मुक्ता थांबली. "आई, झोपलीस?"

"नाही," मी म्हटलं. "वाच."